ओकदानच्या उंचीचा ओटा

मित्रांनो, मी स्वयंपाकघरातला एक ओटा आहे. माझे आता वय झाले आहे. अंगभर ओरखडे आहेत, एका कोपऱ्यात तव्याचा काळा डाग आहे आणि इतर ओट्यांच्या मानाने मी चांगला वीतभर बुटका आहे. माझ्यासमोर उभे राहून कोणी भांडी घासायला लागले, तर त्याची कंबर धरते. तरीही माझे दिवस मजेत चालले आहेत. ते कसे, हेच आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका बंदराच्या शहरात झाला. जहाजे दुरुस्त करण्याच्या आवाराला लागून एक पत्र्याची शेड होती. तिथे ओटे बनवत. मोठ्या यंत्राने स्टीलचा पत्रा दाबून माझा वरचा भाग आणि सिंक तयार झाले. खाली लाकडी कपाट बसवले आणि कपाटाला हिरवी दारे लावली. तेव्हा मी सगळ्या ओट्यांएवढाच उंच होतो. शेडमधला एक कारागीर माझ्या पत्र्यात तोंड पाहून दाढी करायचा, इतका मी लखलखीत होतो.

लाल विटांच्या चार मजली इमारतीत, तळमजल्यावरच्या एकशे एक क्रमांकाच्या घरात मला बसवले. माझ्या वरच खिडकी होती. खिडकीतून गल्ली दिसायची. त्या घरात सुकट विकणारे एक जोडपे राहत होते. माझ्यावर त्यांनी कितीतरी हिवाळे किमचीच्या लोणच्यासाठी कोबी धुतला, मासळी साफ केली, भाताची भांडी घासली. घरातली बाई पाहुण्यांना सांगायची, “माझा नवरा बदलेन, पण हा ओटा बदलणार नाही.” नवराही हसायचा. मला फार अभिमान वाटायचा.

मग ती दोघे म्हातारी झाली आणि राजधानीत मुलीकडे राहायला गेली. घर बंद झाले. भिंतींना बुरशी आली. माझ्या कपाटात झुरळांनी संसार थाटला. नळ गंजला. घर विकणारा दलाल एकदा गिऱ्हाईक घेऊन आला आणि नाकाला रुमाल लावून म्हणाला, “हा ओटा आधी भंगारात काढा, मग पुढचं बोलू.” गिऱ्हाईक तर ओट्यापर्यंतही आले नाही. पुढे कितीतरी दिवस कोणीच आले नाही. मित्रांनो, रिकाम्या घरात ओट्याला काहीच काम नसते. तो नुसता वाट पाहतो.

आणि एका सकाळी ते घर शहरानेच विकत घेतले.

शहराने म्हणजे महापालिकेने. अपंग माणसांसाठी काही जुनी घरे विकत घ्यायची, ती त्यांना वापरता येतील अशी दुरुस्त करायची आणि थोड्या भाड्याने त्यांना राहायला द्यायची, असे ठरले होते. मदतीला येणाऱ्या माणसाचा पगारही त्याच निधीतून. हा पैसा आकाशातून पडला नव्हता. मासे विकणारीने, शिक्षकाने, बस चालवणाऱ्याने भरलेल्या करातला तो थोडा थोडा वाटा होता. आणि तो सहजासहजी मिळालाही नव्हता. चाकाच्या खुर्चीतली माणसे महापालिकेसमोर महिनोन् महिने बसून राहिली होती. इमारतीला नुसत्या पायऱ्याच होत्या, त्यामुळे आत जाऊन मागणेही त्यांना शक्य नव्हते. शेवटी पायऱ्या उतरून महापालिकेचे सभासदच खाली आले आणि म्हणाले, “बरं, आधी थोडी घरं करून बघू. जमलं तर पुढे चालवू, नाही जमलं तर बंद.”

घर दुरुस्त करायला मा काका नावाचे सुतार आले. त्यांनी मला ठोकून पाहिले आणि म्हणाले, “पत्रा ठणठणीत आहे. हा राहू दे. वाचलेल्या पैशात दार रुंद करू.” माझा जीव भांड्यात पडला. पण लगेच त्यांनी करवत काढली.

तेवढ्यात दारातून चाकाची खुर्ची आत आली. खुर्चीत एक बाई होती. वय असेल पंचेचाळीसच्या आसपास. केस बारीक कापलेले, मान एका बाजूला कललेली, हात सतत थोडे थोडे हलणारे. तिचे नाव प्यो ओकदान. ती बोलायची तेव्हा प्रत्येक शब्द वळणे घेत घेत बाहेर यायचा. ऐकणाऱ्याला थोडे थांबावे लागायचे. ती सरळ माझ्यापर्यंत आली आणि तिने कोपर माझ्यावर ठेवून पाहिले. कोपर पोहोचेना.

“खाली घ्या,” ती म्हणाली.

मा काकांनी पेन्सिलने खूण केली.

“आणखी खाली.”

“बाई, आणखी खाली घेतला तर माणसं वाकून वाकून अर्धी होतील.”

“कुठली माणसं?”

मा काका थोडे गोंधळले. “म्हणजे... येणारी-जाणारी.”

“येणारी-जाणारी बसून चहा पितील. रांधणार मी.”

मा काकांनी तिच्याकडे पाहिले, डोके खाजवले आणि खूण खोडून खाली नवी खूण केली. माझी हिरवी दारे निघाली. कपाट निघाले. तिचे गुडघे आत जावेत म्हणून खालचा भाग मोकळा केला आणि गरम पाण्याच्या नळीने पाय भाजू नयेत म्हणून नळी मागे सरकवून तिला जाड कापड गुंडाळले. मग माझे पाय कापले. खरे सांगतो, मला फार वाईट वाटले. उंची हाच ओट्याचा मान, असे मी समजत होतो. आता मला कोण ओटा म्हणेल, असे वाटून मी भुसा झटकला जाईपर्यंत खिन्न होतो.

ओकदान राहायला आली तेव्हा तिच्याबरोबर एकच पिशवी आणि एक छोटा रेडिओ होता. नऊ वर्षांची असताना तिच्या वडिलांनी तिला डोंगरावरच्या एका संस्थेत आणून ठेवले होते, आणि ती तिथेच मोठी झाली. तिथे कोणी मारत नसे. पण जेवण ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ताटात, भात-भाजी-मासळी सगळे कात्रीने बारीक करून एकत्र कालवलेले यायचे. दिवे सगळ्यांचे एकदम मालवले जायचे. स्वयंपाकघराच्या दारावर ‘आत येऊ नये’ अशी पाटी होती आणि आतली चूल तिने कधी पाहिलीही नव्हती.

पहिल्या सकाळी तिची मदतनीस आली. तिचे नाव बोंगसुन. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, अखंड बडबडणारी. आधी ती मासळीच्या खाणावळीत कामाला होती. आल्या आल्या बाह्या सरसावून तिने विचारले, “बोल, काय खायचं?”

ओकदान नुसती शेगडीकडे पाहत राहिली.

“अगं, भात? रस्सा? अंडं?”

तरी ती गप्पच. बोंगसुनला वाटले, तिला ऐकू कमी येते की काय. ती मोठ्याने ओरडू लागली, “काय खा-य-चं?”

“ओरडू नका हो ताई. ऐकू येतंय,” ओकदान म्हणाली. “मी विचार करतेय. मला हे कोणी विचारलंच नाहीये कधी.”

बोंगसुनने स्टूल ओढले आणि ती चक्क बसली. ती गप्प बसलेली मी त्या दिवशी पाहिली, तशी नंतर फारशी पाहिली नाही.

बऱ्याच वेळाने ओकदान म्हणाली, “धिरडं. कांद्याच्या पातीचं. शिंपल्यातल्या तिसऱ्या घालून. गरम. डोंगराखालच्या गावात सणाला करायचे ना, त्याचा वास वर यायचा. आमच्या ताटात यायचं तेव्हा गार झालेलं असायचं, आणि तुकडे केलेलं.”

“आत्ता करते!” बोंगसुन उठली.

“मी करणार.”

“तू? अगं, तुझे हात बघ. तेल उडालं, भाजलीस, तर मला नोकरीवरून काढतील.”

“तुम्ही शेजारी बसा आणि मला शिव्या द्या. पण करणार मीच.”

मित्रांनो, त्या सकाळी माझ्यावर जे काही झाले ते एखाद्या वादळाला शोभेल असे होते. पिठाचे भांडे कलंडले. अंडे फुटले ते सिंकमध्ये. पात अर्धी जमिनीवर आणि अर्धी ओकदानच्या मांडीवर. बोंगसुन कपाळावर हात मारून म्हणत होती, “अरे देवा, खाणावळीत असती तर मालकाने तुला मासळीबरोबर तळली असती.” ओकदान हसत होती आणि हसल्यामुळे तिचे हात जास्तच हलत होते. शेवटी विजेच्या शेगडीवरच्या तव्यात एक धिरडे पडले. ते उलटताना फाटले. एका कडेला करपले. ओकदानने त्यातला तुकडा फुंकर न घालताच तोंडात टाकला. जीभ भाजली. डोळ्यांत पाणी आले. आणि ती म्हणाली, “ताई, मीठ विसरले.”

“मग आता?”

“आता उद्या पुन्हा.”

पुन्हा पुन्हा करून तिने आपली रीत बसवली. पिठाचे मिश्रण ती रुंद तोंडाच्या सॉसच्या बाटलीत भरू लागली, म्हणजे सांडत नसे. मा काकांनी माझ्या पत्र्याला दोन लाकडी ठोकळे बसवून दिले. तवा त्यांच्यामध्ये घट्ट बसायचा आणि जागचा हलायचा नाही. तिची कोपरे माझ्यावर टेकलेली असली की हातांचा कंपही पुष्कळ कमी व्हायचा. तेव्हा मला कळले की मी उंच असतो तर तिला टेकायला जागाच नसती. माझ्या कापलेल्या पायांचे दुःख तेव्हाच कधीतरी गेले. नेमके कधी, ते आठवत नाही.

सगळे गोडीगुलाबीने चालले होते असे मात्र नाही. इमारतीच्या दारापाशी ओकदानच्या खुर्चीसाठी सिमेंटचा उतार बांधला होता. त्या जागेवर पूर्वी वरच्या मजल्यावरचे मेंग काका आपला निळा टेम्पो लावायचे. ते त्या गाडीतून गल्लोगल्ली अंडी विकायचे. जागा गेल्यावर त्यांना गाडी दूर कोपऱ्यावर लावावी लागे. रोज सकाळी अंड्यांचे ट्रे उचलून नेताना ते माझ्या खिडकीसमोर मुद्दाम थांबत.

“एकशे एकवाल्या बाई! उठलात का? उठा, उठा. तुमच्या उतारापायी आमची कंबर गेली.”

“मग तुम्हीही खुर्ची घ्या काका. उतार आहेच,” ओकदान आतून म्हणायची.

“तोंड बघा! जिभेला चाकं लावलीत वाटतं हिच्या!”

आणि ती रेडिओचा आवाज वाढवायची.

सुटीच्या दिवशी ओकदान डोंगरावर जायची, इसुनला भेटायला. इसुन तिच्यापेक्षा थोडी मोठी. संस्थेत दोघींच्या गाद्या शेजारी शेजारी होत्या, लहानपणापासून. इसुन बोलू शकत नसे आणि तिला हातही हलवता येत नसत. हो म्हणायचे असेल तर ती डोळे वर करी. नाही म्हणायचे असेल तर मिटून घेई. एकदा ओकदान तिला दिवसभरासाठी घरी घेऊन आली. इसुनची खुर्ची उंच आणि पाठीला लांब टेकू असलेली होती. ती माझ्या खाली जाईना, म्हणून तिला बाजूला बसवले. ओकदानने धिरडे केले, फुंकर घालून तिला भरवले. इसुन सगळा वेळ तव्याकडे पाहत होती. चर्र आवाज झाला की तिचा चेहरा उजळायचा.

“इसुनताई, आणखी एक?” ओकदानने विचारले.

डोळे वर.

“समोरचं एकशे दोन नंबरचं घर रिकामं आहे. पुढच्या खेपेला शहर ते घेणार आहे म्हणतात. राहशील?”

इसुनचे डोळे वर गेले आणि तसेच राहिले. ओकदानने तिच्या गालावरचे पाणी पुसले आणि स्वतःचेही. मग संध्याकाळच्या जेवणाच्या आत तिला परत नेऊन सोडावे लागले. त्या संध्याकाळी ओकदानने काही रांधले नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बोंगसुन तोंड पाडून आली. महापालिकेत चर्चा सुरू झाली होती की घरांचा निधी बंद करावा. काही सभासदांचे म्हणणे होते की एकेका माणसासाठी घर घेण्यापेक्षा त्याच पैशात संस्थेचे छप्पर दुरुस्त होईल आणि पुष्कळांची सोय होईल. संस्थेचे संचालकही म्हणाले होते की ज्यांना बोलता येत नाही त्यांना बाहेर ठेवणे धोक्याचे आहे. काही सभासद एकशे एक क्रमांकाचे घर स्वतः पाहायला येणार होते. त्यावरून पुढचे ठरणार होते.

“मी सगळं घासूनपुसून चकाचक करते,” बोंगसुन म्हणाली. “खायलाही मीच करते. तू नवा स्वेटर घाल आणि नुसती हसत बस. नीट दिसलं पाहिजे सगळं.”

“ताई, ते घर बघायला येतायत की घरात राहणारं माणूस?”

“अगं, इसुनचं घर आहे ह्यात! एक धिरडं फाटलं ना, तर तिचं घर गेलं समज.”

ओकदानने कोपरे माझ्यावर टेकवली. तिची बोटे माझ्या कडेवर घट्ट होती. मग म्हणाली, “तुम्ही केलंत तर ते म्हणतील, हिला एक बाई आणून दिली आहे, घर कशाला? मीच करणार. फाटलं तर फाटलं.”

पण ती घाबरली होती. मला ते तिच्या कोपरांवरून कळत होते.

सभासद आले. पुढे बान बाई, चष्मा लावलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्यामागे जू साहेब, पांढऱ्या केसांचे, प्रत्येक खोलीत भिंतीवर टकटक करून पाहणारे. आणखी एकदोघे दारातच उभे राहिले. ओकदानने त्यांना जमिनीवरच्या उशांवर बसवले, बोंगसुनने जवाचा चहा दिला आणि मग बोंगसुन स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली, म्हणजे मदतीला धावायचा मोह होणार नाही.

ओकदानने तवा तापवला. तेल घातले. बाटली दाबली. हात नेहमीपेक्षा जास्त हलत होते. मिश्रण वेडेवाकडे पसरले. तिसऱ्या एकीकडेच पडल्या. उलटताना धिरड्याचे तीन तुकडे झाले आणि तेलाचा थेंब उडून तिच्या मनगटावर पडला.

“अहो, बंद करा ते!” जू साहेब ताडकन उठले. “बघा, हेच मी म्हणत होतो. हे सुरक्षित आहे का? ह्या बाईंना काही झालं तर जबाबदार कोण? संस्थेत असं कधी झालं असतं का?”

ओकदानने शेगडी बंद केली. मनगट नळाखाली धरले. मग खुर्ची वळवून त्यांच्याकडे तोंड केले. शब्द सावकाश येत होते आणि सगळ्यांना थांबावे लागले.

“नाही झालं, साहेब. तिथे मी लहानाची मोठी झाले, पण माझा हात कधी भाजला नाही. अगदी सुरक्षित होते. आणि इतक्या वर्षांत मी एकदाही गरम धिरडं खाल्लं नाही.” तिने ओले मनगट पुसले. “तुमचा हात भाजलाय का कधी घरात?”

“भाजतोच की कधीकधी.”

“मग तुम्हाला कोणी डोंगरावर पाठवलं का?”

दारातला एक सभासद खोकल्याच्या निमित्ताने तोंड फिरवून हसला. जू साहेब मात्र हसले नाहीत. ते माझ्याजवळ आले आणि खिडकीतून बाहेर पाहू लागले. बाहेर मेंग काका अंड्यांचे ट्रे घेऊन चालले होते.

“हे शेजारी का? ह्यांनाच विचारू. ओ काका! ह्या बाईंबद्दल काही तक्रार आहे तुमची?”

बोंगसुनने डोळे मिटून घेतले. मेंग काकांनी ट्रे खाली ठेवले, अगदी सावकाश. त्यांची तर कितीतरी दिवसांची इच्छाच पुरी झाली होती.

“तक्रार? एक आहे का! आधी म्हणजे माझी गाडीची जागा गेली. दुसरं, ही बाई सकाळी उजाडत नाही तो रेडिओ लावते. गाणी तरी चांगली लावावी, तर तेही नाही. तिसरं, धिरडी करते ना, त्याचा वास सरळ माझ्या घरात येतो. मला डॉक्टरांनी तेलकट बंद केलंय. सांगा आता, माणसाने काय करायचं? आणि बोलायला जावं तर उलट टोमणे मारते. लहानथोर काही बघत नाही.”

“म्हणजे,” जू साहेब उत्साहाने म्हणाले, “त्यांना परत संस्थेत पाठवावं असं तुमचं म्हणणं आहे.”

मेंग काकांनी त्यांच्याकडे वेड्याकडे पाहावे तसे पाहिले.

“कोणाला? हिला? का बरं? काय केलं हिने?”

“तुम्हीच तर आत्ता...”

“अहो, रेडिओ लावला म्हणून कोणी कोणाला घरातून काढतं का? मग तिसऱ्या मजल्यावरच्याचा पियानो वाजतो, त्याला आधी काढा! शेजारी आहे साहेब, शेजाऱ्यांवर ओरडायचं नाही तर कोणावर ओरडायचं?” आणि ट्रे उचलून ते चालू लागले. दोन पावलांवर थांबून पुन्हा म्हणाले, “ते गाडीच्या जागेचं मात्र लिहून घ्या.”

 बान बाई मोठ्याने हसल्या. मग त्यांनी फाटलेल्या धिरड्याचा एक तुकडा उचलून खाल्ला, आणि लगेच दुसराही.

“एकशे दोनसाठी नाव दिलेल्या इसुन बाईंबद्दल विचारायचं होतं,” त्या म्हणाल्या. “संस्था म्हणते त्यांना बोलता येत नाही.”

“तुम्ही इसुनताईला विचारलंत?” ओकदान म्हणाली.

“त्या उत्तर कसं देणार?”

“डोळे वर केले की हो, मिटले की नाही. आम्ही दोघी रोज रात्री गाद्यांवर पडून गप्पा मारायचो.”

बान बाईंनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी बोंगसुनला डोंगरावरचा रस्ता विचारला.

ज्या दिवशी महापालिकेची सभा होती, त्या दिवशी ती शहराच्या रेडिओवर ऐकवत होते. ओकदानने रेडिओ माझ्यावर ठेवला होता. जू साहेब बोलले, छप्पर, खर्च, धोका, सगळे. त्यांच्या बोलण्यातही तथ्य होते. छप्पर खरोखरच गळत होते आणि त्याखाली माणसेच राहत होती. मग बान बाई उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, “मी संस्थेत जाऊन इसुन बाईंना भेटले. मी विचारलं, तुम्हाला इथेच राहायचंय का? त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, चुकून मिटले असतील. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा मिटले. मग मी विचारलं, ओकदान बाईंच्या समोरच्या घरात? त्यांनी डोळे वर केले आणि मी खोलीबाहेर पडेपर्यंत खाली घेतले नाहीत. त्या बोलू शकत नाहीत असं आपण म्हणतो. आपण ऐकायलाच गेलो नव्हतो.”

मते मोजली गेली. जू साहेबांनी विरोधातच मत दिले. पण निधी चालू राहिला. मागितला होता त्यापेक्षा बराच कमी. त्या वर्षी थोडीच घरे होणार होती आणि डोंगरावर पुष्कळ माणसे वाट पाहत राहणार होती. पण त्या थोड्या घरांमध्ये एकशे दोन होते. ओकदानने रेडिओ बंद केला आणि माझ्यावर डोके टेकवले. बोंगसुन तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि रडत रडत म्हणत होती, “तुझी धिरडी अजूनही फाटतात गं, मेले.”

समोरच्या घरात मा काका कामाला लागले. तिथला ओटा त्यांनी माझ्यासारखा बुटका केला नाही. इसुनच्या खुर्चीच्या मापाने तो पुष्कळ उंच केला. आधी त्यांनी दबक्या आवाजात ओकदानला विचारलेही होते, “त्या बाईंना हात हलवता येत नाहीत म्हणे. मग ओटा कशाला? तेवढ्यात एक कपाट होईल.”

“समोर बसून बघायला,” ओकदान म्हणाली. “कोणत्या भांड्यात काय पडतंय ते तिला दिसलं पाहिजे.”

इसुन आली तेव्हा उन्हे कोवळी होती. दोन्ही घरांची दारे सताड उघडी होती, म्हणून मला सगळे ऐकू येत होते. उतारावरून खुर्ची चढवायला मेंग काका आले. “आणखी एक! आता माझ्या सायकलची जागाही गेली,” असे म्हणत त्यांनीच मागून जोर लावला. इसुनला तिच्या ओट्यासमोर बसवले. तिची नवी मदतनीस पहिल्यांदाच रस्सा करत होती.

“मीठ घालू?” तिने विचारले.

 मग ओकदानचा आवाज आला, “बघ, डोळे मिटलेत. नको म्हणतेय.”

“मग मिरची?”

“वर केले! घाल.”

“एवढी?”

“अजून वर बघतेय. घाल, घाल.”

आणि मग मी एक आवाज ऐकला जो पूर्वी कधी ऐकला नव्हता. घशातून येणारा, खरखरीत, मोठा. क्षणभर मला वाटले काही अपघात झाला. पण ती इसुन हसत होती. मिरची नाकात गेल्याने सगळ्याच शिंकत होत्या आणि मधेच तिचे ते हसणे.

मित्रांनो, मी बुटका आणि समोरचा तो उंच, पण आम्ही दोघेही तुमच्यासारख्याच माणसांच्या करातून उभे राहिलेले ओटे आहोत. तुमच्याही गावात, तुमच्या शाळेत, दवाखान्यात असे काही बांधलेले असेल. एखादा उतार, एखादे रुंद दार, भिंतीवरची एखादी पकडायची दांडी. त्यावर सायकल टेकवू नका, त्यावर पसारा ठेवू नका. आणि नसेल बांधलेले, तर का नाही म्हणून मोठ्यांना विचारा, पुन्हा पुन्हा विचारा. कुठेतरी एखादी इसुन डोळे वर करून बसलेली असेल. कोणीतरी येईल आणि विचारेल, म्हणून.